आमच्या रात्रींचे फोटो कोण काढणार?

मुंबईची रात्र म्हटली की बड्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना पब दिसतात, रंगीत दिवे दिसतात, गाड्यांच्या रांगा दिसतात. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने अनिवासी भागांतील मॉल आणि उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्यास मुभा दिली, तेव्हा या 'नाइट लाइफ'वर रकानेच्या रकाने लिहिले गेले. जणू त्याआधी ही मुंबई संध्याकाळी सातला दार लावून झोपत होती! गिरण्यांची तिसरी पाळी कोणाची होती? रात्री टपालाच्या थैल्या कोण फोडत होते? पहाटेच्या अंधारात झाडू घेऊन कोण निघत होते आणि आजही निघते? ज्या गिरण्यांच्या आवारात आज काचेची हॉटेले उभी आहेत, तिथे १९८२ च्या संपापूर्वी रात्रभर माणसे जागत होती. पण ते जागणे कोणाला 'लाइफ' वाटले नाही, म्हणून त्याचे फोटोही फारसे निघाले नाहीत.

आज आम्ही अशा रात्रींचे फोटो काढणाऱ्या एका माणसाविषयी लिहिणार आहोत. त्यांचे नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांना सारे 'भाऊ' म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू. भाऊंनी टपाल खात्यात पत्रांच्या वर्गवारीचे काम केले, तेही बहुतेक रात्रपाळीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी फोर्टातून एक जुना कॅमेरा विकत घेतला. तेव्हा घरच्यांनी विचारले, "लग्नाचे फोटो काढून चार पैसे मिळवणार का?" भाऊ म्हणाले, "नाही. छंद आहे." चाळीत हे उत्तर कोणाला पटले नाही. १६० चौरस फुटांच्या खोलीत सात माणसे राहत असताना छंद कसला?

आम्हांस वाटते, खरा प्रश्न इथेच आहे. छंद ही ज्यांचे पोट भरले आहे त्यांचीच मिरास, असे आम्हीही मनोमन मान्य करून टाकले आहे. मुलगा पुस्तक घेऊन बसला तर आम्ही खूश; तो पाखरे बघत बसला तर "वाया गेला". पण बाबासाहेबांकडे पाहा. राज्यघटनेसारखे प्रचंड काम खांद्यावर वागवणारा हा महामानव उतारवयात व्हायोलिन शिकत होता. त्यांना चित्रकलेची आवड होती, कुत्र्यांवर त्यांचे प्रेम होते. ज्या समाजाला हजारो वर्षे फक्त राबायचे ठाऊक होते, त्या समाजातल्या माणसाने स्वतःच्या आनंदासाठी घटकाभर काही करणे हीसुद्धा गुलामी झुगारण्याचीच खूण आहे.

गाणाऱ्यांच्या मागे बसलेली माणसे

भाऊंच्या कॅमेऱ्याचा पहिला विषय म्हणजे गायन पार्ट्या. चाळीच्या मैदानात बाकड्यांचा मंच, वर पिवळे दिवे, मागे बाबासाहेब आणि तथागतांच्या प्रतिमा. हार्मोनियम, ढोलकी, बेंजो, कोरसला चार जण आणि टाळी. समोर सतरंजीवर पुरुष आणि मुले, वर गॅलरीच्या कठड्याला रेललेल्या बाया. दोन पार्ट्यांचा सामना रंगला की पहाट कधी झाली ते कळत नसे.

भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशापासून हा वारसा चालत आलेला आहे. जे भाषणाने पोहोचत नव्हते ते गाण्याने पोहोचले, हे चळवळीतल्या प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक आहे. पुढे वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांनी गावोगाव हा आवाज नेला. २००४ या एकाच वर्षी, मे आणि जून महिन्यांत, हे दोघेही गेले. त्यांचे फोटो आहेत. त्यांच्या ध्वनिफिती आहेत. पण त्यांच्यासारख्यांच्या मागे बसून रात्रभर ढोलकी वाजवणाऱ्यांचे काय? कोरसमध्ये गाऊन सकाळी कामावर हजर होणाऱ्यांचे काय? त्यातली कितीतरी माणसे एकही धड फोटो मागे न ठेवता गेली. त्यांच्या नातवंडांना आजोबा कसे वाजवत होते ते कधीच दिसणार नाही.

भाऊ मुख्य गायकाचा एक फोटो घेत आणि मग कॅमेरा मागे वळवत. तेव्हा रोलमध्ये ३६ फोटो निघत. रोल घ्यायचा, धुवायचा, प्रती काढायच्या, म्हणजे पगाराला कात्रीच. म्हणून एका रात्रीत सहाच फोटो, असा त्यांचा नेम होता. फ्लॅश ते मारत नसत. त्यांचे म्हणणे असे की फ्लॅशने चेहरा पांढरा पडतो आणि मागची सारी रात्र काळी होते. मग फोटो मैदानातला की गोदामातला ते कळत नाही. फ्लॅश नाही म्हणजे शटर सावकाश, सेकंदाचा तिसावा भाग किंवा त्याहूनही हळू. मग ते गॅलरीच्या कठड्यावर कॅमेरा टेकवत, श्वास रोखत आणि गायक ओळ संपवून क्षणभर थांबला की बटण दाबत. त्यामुळे त्यांच्या फोटोत गायकाचा चेहरा स्वच्छ येतो आणि ढोलकीवाल्याचा हात मात्र धुरासारखा विरलेला दिसतो. "तो हात थांबलेला दिसला तर ती ढोलकी कसली?" असे भाऊ म्हणतात.

आज त्यांच्याकडे डिजिटल कॅमेरा आहे, कमी उजेडात चालणारी ५० मिलिमीटरची स्वस्तातली लेन्स आहे. आता एका रात्रीत सहाशे फोटोही निघतील. पण ती रात्रच आता आखूड झाली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे; राज्य सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंत सूट देऊ शकते. नियमाला आमचा विरोध नाही. आजाऱ्याला झोप हवी आणि अभ्यास करणाऱ्या मुलांना शांतता हवी. मात्र नियम सर्वांच्या उत्सवांना सारखाच लागला पाहिजे. मुद्दा एवढाच की पूर्वी जो कार्यक्रम दहाला सुरू होई तो आता दहाला संपतो. पहाटेपर्यंतचे ते सामने आता भाऊंसारख्यांच्या निगेटिव्हमध्येच उरले आहेत.

काळ्या चेहऱ्याचे गणित

एक गोष्ट भाऊंनी आम्हांला समजावून सांगितली आणि आम्ही थक्क झालो. मंचावरच्या आमच्या माणसांचे चेहरे फोटोत इतके काळपट का येत? त्यांना वाटे, आपलाच हात कच्चा आहे. पुढे कळले की दोष हाताचा नव्हता. रंगीत फिल्म आणि तिची छपाई गोऱ्या कातडीला प्रमाण मानून बसवलेली होती. कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचे छायाचित्र पाठवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. ती बाई ठीक दिसली की छपाई ठीक! काळ्या माणसांचे चेहरे नीट येत नाहीत ही तक्रार कित्येक वर्षे कोणी मनावर घेतली नाही. लाकडी सामानाच्या आणि चॉकलेटच्या कंपन्यांनी आपल्या मालाचे तपकिरी रंग नीट उतरत नाहीत अशी कुरकुर केली, तेव्हा कुठे सुधारणेला वेग आला. माणसापेक्षा खुर्चीची किंमत जास्त! हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही.

आमच्याकडच्या स्टुडिओंनी तरी वेगळे काय केले? फोटो 'गोरा करून' देणे ही त्यांची खास सेवा होती. भाऊ उलट करतात. ते उजेडाचे माप मागच्या झगमगाटावर न घेता गायकाच्या गालावर घेतात. मागचे दिवे भडक झाले तर होऊ देतात. सावळ्या चेहऱ्यावरचा घाम, कपाळाच्या आठ्या, गाताना फुगलेली गळ्याची शीर हे सारे त्यांच्या फोटोत दिसते. आमचा माणूस आहे तसा दिसतो आणि आहे तसाच देखणा दिसतो.

तसबिरीमागचे घरटे

भाऊंचा दुसरा विषय पाखरे. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की खोलीत मुलांची शाळेची गडबड असे, झोपायला जागा नसे. मग ते चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत जाऊन बसत. तिथे पिंपळ, उंबर, शेवगा आणि बदामाचे एक झाड. शेवगा फुलला की शिंजीर यायचा, अंगठ्याएवढा, जांभळा चमकणारा. उंबराला फळे धरली की तांबट आणि कोकीळ. भल्या पहाटे पत्र्याच्या टोकावर बसून दयाळ शीळ घालायचा. भाऊ म्हणतात, "रात्री आपली पार्टी, सकाळी यांची. फरक एवढाच, यांना माइक लागत नाही."

पाखरांचा छंद म्हणजे दुर्बीण, जीप आणि अभयारण्यातले विश्रामगृह अशी आमची समजूत. भाऊ पाखरांसाठी चाळीबाहेर गेले नाहीत. एकाच जागी रोज बसल्यामुळे पाखरांनाही त्यांची सवय झाली. उडते पाखरू टिपायला सेकंदाच्या हजाराव्या भागाचे शटर लागते. म्हणजे रात्री जो कॅमेरा हळू चालवायचा तोच सकाळी झपाट्याने चालवायचा. घरट्याजवळ ते जात नाहीत, पिल्लांचे फोटो काढण्यासाठी फांदी वाकवत नाहीत. "आपल्या घरात कोणी न विचारता कॅमेरा घेऊन शिरले तर आपल्याला चालेल का?" हा त्यांचा सवाल आहे. आमच्या वस्त्यांत अत्याचारानंतर कॅमेरे घेऊन घुसणाऱ्या वाहिन्यांनी याचे उत्तर द्यावे.

पाखरांनाही माणसाने जात चिकटवली आहे, हे भाऊंनीच आमच्या ध्यानात आणून दिले. तांबूस पंख आणि पांढरे डोके असलेल्या घारीला म्हणे 'ब्राह्मणी घार'! बदकातही एक 'ब्राह्मणी बदक' आहे. त्या बिचाऱ्या घारीने मेलेला मासा उचलताना कधी सोवळे पाळले आहे काय?

भाऊंचा एक फोटो आम्ही विसरू शकत नाही. चाळीतल्या सार्वजनिक नळाच्या तोटीला थेंब लोंबतो आहे आणि चिमणी मान वर करून तो पिते आहे. फोटोच्या मागे तारीख लिहिली आहे, २० मार्च. २०१० पासून हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेने त्यात पुढाकार घेतला. आणि १९२७ मध्ये याच तारखेला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता. मज्जाव फक्त आमच्या माणसांना होता. भाऊंनी त्या फोटोखाली एवढेच लिहिले आहे: 'हिला कोणी विचारले नाही.' दरवर्षी २० मार्चला चिमणीवर लेख येतात, येऊ द्या. त्याच पानावर महाडला किती जागा मिळते, हे मात्र वाचकांनी मोजून पाहावे.

चिमणी चाळीत कुठे राहत होती? मीटरच्या पेटीत, वाशाच्या फटीत आणि भिंतीवरच्या तसबिरीमागे. भाऊंच्या घरी बाबासाहेबांची तसबीर खिळ्याला जरा पुढे झुकलेली होती, तिच्यामागे चिमणीने काड्या आणल्या. आईने तसबीर पुसायची म्हणून हात लावला आणि परत घेतला. त्या वर्षी जयंतीला तसबीर खाली उतरवली नाही, हार वरच्यावर घातला. भाऊंच्या संग्रहात हा फोटो आहे. हार, चष्मा, निळा कोट आणि चौकटीच्या कडेवर चोचीत काडी धरलेली चिमणी.

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२० च्या अहवालाने सांगितले की देशभरात चिमणी एकंदरीत टिकून आहे, पण मोठ्या महानगरांत ती घटली आहे. काचेच्या इमारतीत फट कुठली? आणि वरळीच्या चाळी आता जात आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडीच्या मुंबईत २०७ चाळी होत्या, त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. पुनर्विकासातल्या पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये नव्या उंच इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाची गोष्ट आहे. सार्वजनिक संडासासमोर रांग लावून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना चांगले घर मिळालेच पाहिजे. जुन्या चाळीचे गोडवे गाणे आम्हांला मान्य नाही. ते गोडवे बहुधा तिथे कधीच न राहिलेले लोक गातात. पण मैदान गेले, गॅलरी गेली, मागचा उंबर गेला की तिथे काय होते याचा पुरावा काय उरणार?

दोन खंड, एकच काम

हा प्रश्न आमच्या आधी अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी सोडवला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहून निग्रो आणि अस्पृश्य यांच्या प्रश्नांतले साम्य दाखवले, ते विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. त्यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात काळ्या समाजाची ३६३ छायाचित्रे अल्बममध्ये लावून मांडली. त्यांत लाचारी नव्हती. नीटनेटके कपडे घातलेली, ताठ मानेने बसलेली माणसे होती. काळा माणूस म्हणजे चेष्टेचा विषय मानणाऱ्या जगाला ते उत्तर होते.

पुढे पिट्सबर्ग शहरात चार्ल्स 'टीनी' हॅरिस नावाचा काळा छायाचित्रकार झाला. तो काळ्या समाजाच्या 'पिट्सबर्ग कुरियर' या वर्तमानपत्रासाठी काम करी. हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतले जॅझचे अड्डे, नाचगाणी, लग्ने, मुलांचे खेळ असे त्याने आयुष्यभर टिपले. पन्नाशीच्या दशकात शहराने 'विकासा'साठी त्या वस्तीचा खालचा भाग पाडला. वस्ती गेली, पण हॅरिसच्या सुमारे ८०,००० निगेटिव्ह उरल्या. २००१ मध्ये तिथल्या कार्नेगी कलासंग्रहालयाने त्या जतनासाठी घेतल्या.

आमच्याकडे असे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्यात आणले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोकशाहीर विलास घोगरे आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरेंनी जीवन संपवले. पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' २०११ मध्ये पुरा झाला. घोगरेंचा आवाज आणि चेहरा पुढच्या पिढीला मिळाला, कारण वेळेवर तिथे कॅमेरा होता.

पण आमचा आक्षेप असा आहे: प्रस्थापितांच्या कॅमेऱ्याला आम्ही दिसतो ते प्रेतयात्रेत, गटाराच्या तोंडाशी, नाहीतर ६ डिसेंबरच्या गर्दीत. हे फोटो निघालेच पाहिजेत. ते अन्यायाचे पुरावे आहेत. मात्र शंभर फोटोंत शंभर वेळा रडताना दिसणारा समाज हसतही असतो, गातही असतो, सकाळी शेवग्यावरचा शिंजीर बघतही असतो, हे कोण दाखवणार?

इथे आम्ही स्वतःचेही कान धरतो. आमची आंबेडकरी दैनिके तरी काय छापतात? पुढाऱ्याचा शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो. बाजूला उभा असलेला ढोलकीवाला चौकटीबाहेर कापला जातो. तो कापताना आमचा हात थरथरत नाही. हे थांबले पाहिजे.

काय करावे?

भाऊंच्या घरी बुटांच्या खोक्यांत निगेटिव्ह आहेत. मुंबईच्या दमट हवेने काहींना बुरशी धरली आहे. नव्या घरात जाताना कितीतरी कुटुंबांनी जुने अल्बम भंगारात दिले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून ते दर रविवारी चार शेजाऱ्यांच्या घरी जातात, अल्बम मागतात, तिथेच प्रत काढून परत देतात. म्हाताऱ्यांना विचारून मागे नावे लिहितात. नाव नसलेला फोटो त्यांच्या मते अर्धाच फोटो असतो.

हे प्रत्येक वस्तीत करता येईल. आज घरोघरी मोबाइल आहे, फोटोंना तोटा नाही. पण मोबाइल फुटला की तेही गेले. म्हणून प्रत्येक बुद्धविहारात ग्रंथांच्या कपाटाशेजारी फोटोंसाठी एक कप्पा असावा. निवडक फोटो छापून ठेवावेत. मागे पेन्सिलीने नाव, ठिकाण, तारीख आणि वाद्य लिहावे. डिजिटल प्रती दोन वेगवेगळ्या घरांत असाव्यात. निगेटिव्ह कोरड्या डब्यात ठेवाव्यात. ज्याचा फोटो त्याला आधी विचारावे आणि एक प्रत त्याच्या हातात द्यावी. आणि एखाद्या मुलीने किंवा मुलाने सांगितले की मला पाखरांचे फोटो काढायचे आहेत, तर "त्यातून काय मिळणार?" हा प्रश्न विचारू नये.

१३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता वस्त्यावस्त्यांत जयंतीचा जल्लोष होतो. त्या रात्री शेकडो हात मोबाइल उंचावतात आणि मंचावरच्या पाहुण्याचा फोटो घेतात. येत्या जयंतीला एकदा तरी वळून मागे बघा. टाळी देणारी आजी तिथे असेल, ढोलकी आवळणारा पोरगा असेल, गॅलरीत झोपाळलेले लेकरू खांद्यावर घेऊन उभी असलेली आई असेल. तो फोटो काढा आणि मागे नाव लिहा.

जयभीम!